डोळ्यांच्या हालचालींनी मनावरचा आघात बरा होतो का? ईएमडीआरविषयी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ताईंच्या धाकट्या भावाच्या गाडीला दोन वर्षांपूर्वी महामार्गावर अपघात झाला. गाडी भाऊ चालवत होता आणि शेजारी बसलेला त्याचा जिवलग मित्र जागच्या जागी गेला. भावाची मोडलेली हाडं जुळली, पण तेव्हापासून तो स्टिअरिंगला हात लावत नाही, रात्री दचकून उठतो, रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक मारला की त्याचं अंग ताठ होतं. मित्राच्या घरच्यांना त्याने अजून तोंड दाखवलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि सोबत 'ईएमडीआर' (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग, म्हणजे आघाताची आठवण मनात धरून डोळे हलवायला लावणारा उपचार) घ्या असं सुचवलं. ताईंनी व्हिडिओ पाहिले, त्यात समोर बसलेली बाई बोट हलवते आणि पेशंट त्यामागे डोळे फिरवतो. ताई विचारतात, हे संमोहन आहे की थोतांड? आणि खरंच गुण येत असेल तर व्हिडिओ लावून घरच्या घरी केलं तर चालेल का?

ताई, मी स्वतः हा उपचार देणारी थेरपिस्ट आहे, तर आधी सरळ उत्तरं देते. हे संमोहन नाही आणि थोतांडही नाही. भाऊ सगळा वेळ जागा असेल, खोलीत कोण आहे, घड्याळात किती वाजले हे त्याला कळत असेल आणि वाटेल त्या क्षणी हात वर करून तो थांबवू शकेल. घरी व्हिडिओ लावून मात्र अजिबात करू नका. व्हिडिओत दिसतो तो अख्ख्या उपचाराचा जेमतेम एक तुकडा आहे. बोट हलवायला कुणीही दहा मिनिटांत शिकेल. बोट हलवण्याआधी काय करायचं, आणि पेशंट आठवणीत अडकला तर त्याला सावरून परत कसं आणायचं, हे शिकायला वर्षं जातात. पुढे जे लिहितेय ते बहुतेक याच्याबद्दलच आहे.

आधी तुमच्या भावाला काय होतंय ते बघू. गेल्या दिवाळीत घरात काय झालं हे आपण सांगतो तेव्हा आपल्याला आतून पक्कं ठाऊक असतं की ते होऊन गेलंय. जिवावर बेतलेल्या प्रसंगाचं असं होत नाही. त्या क्षणी शरीर जीव वाचवायच्या मागे असतं. प्रसंग सलग गोष्ट म्हणून मनात बसत नाही, त्याचे सुटे तुकडे राहतात. काच फुटल्याचा आवाज, पेट्रोलचा वास, सीटबेल्टचा छातीवर बसलेला आवळ, शेजारच्याचा हात. या तुकड्यांना तारीख-वेळ नसते. म्हणून दोन वर्षांनी, घरात चहा पिताना रस्त्यावरचा ब्रेक ऐकू आला की एखादा तुकडा वर येतो आणि शरीराला वाटतं, हे आत्ता चाललंय. हातपाय गार पडतात, घाम फुटतो. डोक्याला कळत असतं की मी घरात आहे, पण अंगापर्यंत ते पोचत नाही.

मोठ्या आघातानंतर पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे आणि बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने, फारसे उपचार न घेता सावरतात. त्रास महिनाभराहून जास्त टिकला आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तज्ज्ञ तपासून 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर टिकून राहिलेला ताणाचा आजार, असं निदान करतात. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत हे नाव आलं, तोवर अशा माणसांना भित्रं, कमकुवत मनाचं म्हणून मोकळं व्हायची पद्धत होती. आपल्याकडे ती अजून गेलेली नाही. 'झालं गेलं गंगेला मिळालं', 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोय काय' हे घरातले लोक मायेपोटीच म्हणतात. पण दोन वर्षं जे आपण होऊन गेलं नाही, ते 'विसर' म्हटल्याने जाणार नाही. उलट भाऊ गाडी टाळतो, तो रस्ता टाळतो, मित्राचं घर टाळतो, आणि टाळल्यामुळे क्षणभर जो सुटकेचा श्वास मिळतो त्यानेच भीती आणखी पक्की होत जाते.

आता या पद्धतीच्या जन्माविषयी. १९८७ साली फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाई एका बागेत चालत होत्या. मनात काही त्रासदायक विचार घोळत होते. ते अचानक बोथट झाले आणि त्याच वेळी आपले डोळे भरभर इकडून तिकडे हलत होते असं त्यांच्या लक्षात आलं. तिथून त्यांनी प्रयोग सुरू केले आणि १९८९ साली २२ जणांवरचा पहिला अभ्यास छापला. सुरुवातीला तज्ज्ञांनी नाकं मुरडली, आणि ते योग्यच होतं. एका बैठकीत वर्षानुवर्षांचा त्रास कमी होतो असा दावा कुणी केला तर शंका घ्यायलाच हवी. नंतर चाचण्या होत गेल्या आणि शापिरोबाईंनीही पद्धतीला आठ टप्प्यांची घट्ट चौकट दिली. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी मुलं आणि मोठी माणसं दोघांनाही ज्या उपचारांची शिफारस केली, त्यात आघातावर केंद्रित सीबीटीच्या (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार) जोडीला ईएमडीआर आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८च्या सूचनांतही ती आहे, मात्र युद्धातल्या आघातासाठी त्यांनी ती सुचवलेली नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ मध्ये तिला काहीशी हात राखून शिफारस दिली आणि सीबीटीच्या काही प्रकारांना तिच्यावरचं स्थान दिलं. म्हणजे सगळीकडे एकसारखा जयजयकार नाही. पण जगातल्या जबाबदार संस्थांनी पुरावा पारखून मान्य केलेला हा उपचार आहे. आपल्या देशात २००१च्या भूजच्या भूकंपानंतरच्या मदतकार्यात तो वापरला गेला, इथल्या तज्ज्ञांना प्रशिक्षण मिळालं, आणि आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तो शिकलेले मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ सापडतात.

मग डोळेच का? यावर अजून वाद आहे आणि तो तुमच्यापासून लपवणं मला बरोबर वाटत नाही. २००१ सालच्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष होता की डोळे न हलवताही तेवढाच फरक पडतो. २०१३च्या दुसऱ्या आढाव्यात डोळ्यांच्या हालचालीने जास्तीचा फायदा होतो असं आढळलं. कारणांपैकी मला सर्वांत पटणारं कारण साधं आहे. माणसाच्या मनाला एका वेळी मोजकंच काम पेलतं. आठवण डोळ्यांसमोर धरून ठेवायलाही मनाची ताकद लागते आणि हलत्या बोटाचा पाठलाग करायलाही. दोन्ही एकदम करायला लावलं की आठवणीच्या वाट्याला कमी ताकद येते, चित्र फिकं पडतं, त्यातली धग उतरते. आणि आठवण एकदा जागी होऊन परत साठवली जाते तेव्हा ती त्या फिक्या रूपात साठवली जाते. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी याचे पुष्कळ प्रयोग केले. आठवण मनात धरून आकडे उलटे मोजायला लावले तरी असाच परिणाम दिसला. म्हणजे जादू डोळ्यांत नाही, मनाची ओढाताण होण्यात आहे. काही जण याचा संबंध झोपेत स्वप्नं पडताना होणाऱ्या डोळ्यांच्या हालचालींशी जोडतात. २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांचा उंदरांवरचा अभ्यास आला. डावीकडे-उजवीकडे फिरणाऱ्या प्रकाशाने उंदरांची शिकलेली भीती जास्त टिकाऊपणे कमी झाली आणि मेंदूतला कुठला मार्ग त्यात भाग घेतो हेही त्यांनी दाखवलं. उंदरावरून माणसाचं सगळं सिद्ध होत नाही, पण वाट चुकीची नाही एवढं म्हणायला मला तो पुरेसा वाटतो.

माझं मत विचाराल तर हालचालीचा उपयोग आहे, पण हालचाल म्हणजे उपचार नव्हे. पेशंट एका भरवशाच्या माणसासमोर बसतो, तीच आठवण पहिल्यांदाच न पळता बघतो, आणि या वेळी त्याला काही होत नाही. यातला वाटा फार मोठा आहे.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. पहिल्या भेटीत कुणी बोट हलवायला लागलं तर तिथून उठून या. आधी सगळा इतिहास घेतला जातो. लहानपण, घर, झोप, दारू, आधीचे आजार, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, आताच्या गोळ्या. मग तयारी. या टप्प्यात पेशंटला स्वतःला शांत करायच्या दोन-तीन रीती अंगवळणी पाडून दिल्या जातात. एक अशी जागा मनात उभी करायला आम्ही थेरपिस्ट सांगतो जिथे त्याला निवांत वाटतं. कुणी आजोळचा ओटा निवडतो, कुणी गणपतीपुळ्याचा किनारा. तिथला वारा, वास, पायाखालचा स्पर्श इतका पक्का करून घ्यायचा की सेशनमध्ये घाबरल्यावर त्याला तिथे परतता यावं. दुसरी रीत म्हणजे हातांची छातीवर फुली घालून आळीपाळीने खांद्यांवर हलकं थोपटणं. मेक्सिकोत १९९७च्या चक्रीवादळानंतर आकापुल्कोतल्या मुलांसोबत काम करताना ही पुढे आली. तिला फुलपाखराची मिठी म्हणतात आणि मोठ्या माणसांनाही ती आवडते. थांबायची खूण ठरवतो. कुणाची तयारी दोन भेटींत होते, तर लहानपणापासून सोसलेल्याला कित्येक महिने लागतात. यात घाई झाली की नुकसान होतं. मी स्वतः या टप्प्यावर हटून बसते, पेशंट कंटाळला तरी.

पुढचं एका उदाहरणाने सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन जणांच्या हकिगती एकत्र करून तपशील बदलले आहेत. मुंबईच्या लोकलचे मोटरमन तुम्हाला ठाऊक आहेत. रूळ ओलांडताना माणसं गाडीखाली येतात आणि ते सर्वांत आधी त्यांना दिसतं. माझ्याकडे आलेल्या अशाच एका मोटरमननी हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, पण वेगात असलेली लोकल काहीशे मीटर गेल्याशिवाय थांबत नाही. रुळातला माणूस शेवटच्या क्षणी मागे वळला आणि दोघांची नजरानजर झाली. त्यानंतर यांची झोप उडाली. कुणी रोखून पाहिलं तरी पोटात गोळा यायचा. ड्यूटीवर जायची वेळ झाली की उलटी.

तयारी झाल्यावर आम्ही ती आठवण समोर घेतली. मी पहिला प्रश्न विचारला, सगळ्यात वाईट चित्र कोणतं? ते म्हणाले, "त्याचे डोळे." ते चित्र समोर असताना स्वतःबद्दल काय वाटतं? बराच वेळ गेला. "मी माणूस मारला. दोष माझा आहे." त्याऐवजी काय वाटायला हवं आहे? "मला जमलं ते सगळं मी केलं." हे वाक्य आत्ता किती खरं वाटतं, १ ते ७ मध्ये? "दोन." त्रास किती, ० ते १० मध्ये? "नऊ." शरीरात कुठे जाणवतं? त्यांनी उजवा पंजा पुढे केला. बोटं आकडा झाल्यासारखी वळली होती, जणू हँडल अजून हातात होतं.

मग बोट. आमच्या खुर्च्या जवळजवळ, पण समोरासमोर नाहीत, किंचित बाजूला. माझं बोट त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पंचवीस-तीस वेळा. साधारण अर्ध्या मिनिटाची ही एक फेरी. थांबले की एक श्वास, आणि प्रश्न एवढाच की आत्ता काय आलं? उत्तर चांगलं-वाईट नसतं. एरवी पेशंटला मी सांगते, आगगाडीच्या खिडकीत बसल्यावर बाहेरची गावं मागे पडताना बघतो तसं बघा. यांना गाडीचा दाखला देणं शक्य नव्हतं, म्हणून भिंतीवरच्या टीव्हीत लांबून बघताय असं म्हटलं.

पहिल्या फेरीत चित्र आणखी ठळक झालं. असं होतं आणि पेशंटला ते आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो घाबरतो. दुसरीत हॉर्नचा आवाज. मग डब्याखालचा आवाज, ज्याबद्दल ते त्याआधी कुणाशीच बोलले नव्हते. ते रडले. मी थांबले नाही, कारण हात वर झाला नव्हता. "मी इथेच आहे, ते होऊन गेलंय, बघत राहा," एवढंच म्हणत राहिले. नंतर भलतंच काहीतरी आलं. गावची विहीर. ते लहान असताना धाकटा भाऊ विहिरीत पडला होता, वाचला, पण काका सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुझं लक्ष कुठं होतं?" ही आठवण मी काढली नव्हती, त्यांनीही कित्येक वर्षांत काढली नव्हती. आघाताच्या आठवणी अशा एकमेकींना धरून असतात आणि त्यांना जोडणारा धागा पुष्कळदा अपराधीपणाच असतो. त्या दिवशी त्रास नऊवरून चारवर आला आणि वेळ संपली. अर्धवट सोडायचं म्हणून सोडलं नाही. परत निवांत जागा, श्वास, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं, पाण्याचा ग्लास. पाय जमिनीवर नीट टेकल्याची खात्री झाल्यावरच त्यांना बाहेर पाठवलं.

पुढच्या बैठकींपैकी एकीत, हालचाल थांबल्यावर ते अगदी सरळ आवाजात म्हणाले, "गाडी थांबतच नाही ना मॅडम. एवढ्या अंतरात कुणाचीच थांबली नसती." हे त्यांना सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, साहेबांनी सांगितलं होतं, चौकशीच्या कागदावर लिहिलेलंही होतं. पण त्या दिवशी ते त्यांच्या स्वतःच्या आतून आलं. मी काही समजावलं नव्हतं. ही या उपचाराची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आहे. मग 'मला जमलं ते सगळं मी केलं' हे वाक्य त्या चित्रासोबत धरून पुन्हा फेऱ्या घेतल्या, ते सहा-सातपर्यंत खरं वाटेपर्यंत. डोक्यापासून पायांपर्यंत शरीर तपासलं. पंजा अजून जरा आवळलेला होता, म्हणून त्यावरही फेऱ्या घेतल्या. शेवटी पुढचा प्रसंग. त्या ठिकाणाहून गाडी काढताना मनात काय होईल, हे आधी खुर्चीत बसून करून घेतलं. त्यांना ते डोळे अजून आठवतात. वाईटही वाटतं, आणि वाटायलाच हवं, एक माणूस गेलाय. पण ते आठवतं तेव्हा आता ते खुर्चीत बसलेले असतात, केबिनमध्ये नसतात. तुमच्या भावाच्या बाबतीतही इतकीच अपेक्षा धरा. आठवण पुसली जात नाही. मित्राचं दुःख राहील.

आता सावध राहायच्या जागा, ज्यांच्यासाठी मी घरी करू नका म्हटलं.

काही माणसं आठवण जवळ आली की 'बंद' पडतात. नजर शून्यात, हाक ऐकू येत नाही, नंतर मधला काळ आठवत नाही. अशांच्या आठवणीला तयारीविना हात लावला तर आजार वाढतो. प्रशिक्षित थेरपिस्ट हे आधी प्रश्नावलीने तपासतो, व्हिडिओ तपासत नाही. आत्महत्येचे विचार जोरात असतील, दारू रोजची असेल, किंवा मारहाण करणारा नवरा त्याच घरात असेल, तर आधी त्याची सोय, मग आठवणी. घरात आज मार बसतोय आणि आपण दहा वर्षांपूर्वीची भीती कमी करतोय, याला अर्थ नाही. तिची आजची भीती खरी आहे आणि तिला जपणारी आहे. डोळ्यांचा पडदा सुटला असेल, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, फिट येत असतील, गरोदरपण असेल, हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. डोळ्यांऐवजी तळहातांवर आळीपाळीने टॅप करूनही काम करता येतं.

तुमच्या भावासाठी महत्त्वाची गोष्ट कोर्टाची आहे. गाडी तो चालवत होता आणि माणूस गेलाय, म्हणजे पोलिसांत गुन्हा असेल, मोटार अपघात दाव्याचं प्रकरणही चालू असू शकतं. या उपचारानंतर आठवणीची तीव्रता बदलते, काही तपशील फिके होतात. त्याचा जबाब अजून व्हायचा असेल तर थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा आणि वकिलांशी बोला. जबाब आधी, उपचार मागाहून, असा क्रम शक्य असेल तर तो लावा. नसेल तर उपचार थांबवू नका, पण निर्णय सगळं माहीत असताना घ्या.

आणखी एक. 'तुमच्या लहानपणी काहीतरी घडलंय, ते आपण डोळे हलवून शोधून काढू' असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. आठवणी खणून काढायचं हे साधन नाही. सुचवलेली गोष्टही माणसाला खरी वाटू लागते आणि त्याने घरंच्या घरं मोडतात. वर विहीर आली ती आपण होऊन आली आणि ती त्यांना आधीपासून माहीत होती. फरक इथे आहे.

गोळ्यांबद्दल. डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्यविरोधी गोळ्या चालू ठेवा, त्यांचा आणि या उपचाराचा वाद नाही, आणि मनाने बंद तर मुळीच करू नका. झोपेची किंवा घबराटीची गोळी रोजची झाली असेल तर डॉक्टरांना विचारा. त्या गटातल्या काही गोळ्यांनी डोकं इतकं जड राहतं की सेशनचा उपयोग कमी होतो. कमी करायची तर त्यांच्याच देखरेखीखाली, हळूहळू.

कुणाकडे जावं? मानसोपचारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि त्यावर ईएमडीआरचं रीतसर प्रशिक्षण. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असेल तर ते पुरेसं नाही. फोनवरच विचारा, शिक्षण कुठलं, प्रशिक्षण किती टप्प्यांचं झालं, अडलं तर मार्गदर्शन कुणाचं घेता, आठवणीला हात लावायच्या आधी तयारी कशी करता. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. 'एका सेशनमध्ये खात्रीने बरा' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. प्रौढ वयातल्या एकाच अपघातासाठी साधारण सहा ते बारा बैठका धरून चाला, एक बैठक तास-दीड तासाची. आणि भाऊ रडतो, चिडतो, शिव्या देतो कुठल्या भाषेत? त्या भाषेतला थेरपिस्ट शोधा. इंग्रजीत 'आय फील गिल्टी' म्हणणं सोपं जातं, मराठीत 'माझ्यामुळे गेला तो' म्हणताना आवाज फुटतो. काम तिथे होतं.

जवळपास ईएमडीआर करणारं कुणी नसेल तर आघातावर केंद्रित सीबीटी तितकीच विश्वासाची आहे. तिच्यात घरी करायचा सराव असतो आणि प्रसंगाबद्दल जास्त बोलावं लागतं. ईएमडीआरमध्ये सविस्तर सांगावं लागत नाही, म्हणून बोलायला न धजणाऱ्यांना ती सोपी जाते. ऑनलाइनही होते, कोविडच्या काळात आम्ही सगळ्यांनीच केली, पण घरात बंद दार आणि शेजारच्या खोलीत एक जवळचं माणूस हवं.

सेशनच्या दिवशी घरच्यांनी काय करायचं तेही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. भावाला स्वतः दुचाकी चालवत परत येऊ देऊ नका, कुणीतरी सोबत जा. एक-दोन दिवस स्वप्नं वाढतील, तो हळवा किंवा चिडका होईल. 'बिघडलं की काय' म्हणून घाबरू नका, थेरपिस्टला कळवा. 'काय काय बोललास?' असं खोदून विचारू नका. साधं जेवण, वेळेवर झोप, दारू नाही. आणि मित्राच्या आईला भेटायला जा असा लकडा आत्ता कुणी लावू नका. उपचार पुढे गेला की बहुधा तो विषय तोच काढेल, तेव्हा थेरपिस्टशी बोलून कधी आणि कसं जायचं ते ठरवा.

त्याने 'त्याच्याऐवजी मी का नाही गेलो' असं बोलून दाखवलं तर ते नुसतं दुःख समजू नका. सरळ विचारा, मरायचे विचार येतात का? विचारल्याने असे विचार डोक्यात भरत नाहीत. हो म्हणाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीला तुम्ही सोबत गेलात तर चांगलं. अपघाताची तारीख, ऑपरेशनचे कागद, चालू गोळ्यांची चिठ्ठी, पोलीस प्रकरणाची स्थिती, एवढं एका फाइलमध्ये लावून न्या. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं आत बसा, मग बाहेर या आणि पुढचं त्याला बोलू द्या.